थांबा म्हणण्याचा हक्क

राज्यशास्त्राच्या वर्गात दुसऱ्या सभागृहाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : लोकांनी निवडलेले एक सभागृह असताना वर आणखी एक कशाला? उत्तर म्हणून मी गेली कित्येक वर्षे आयरिश मुक्त राज्याच्या सेनेटची गोष्ट सांगत आलो आहे. डिसेंबर १९२२ ते मे १९३६, एवढेच त्याचे आयुष्य.

हे सेनेट एका शब्दापोटी जन्माला आले. ब्रिटनशी तह होऊन नवे राज्य उभे राहिले तेव्हा दक्षिणेतले राजनिष्ठ प्रोटेस्टंट एकाएकी परक्यासारखे झाले. राज्यकारभारात त्यांनाही स्थान मिळेल, असा शब्द त्यांना दिलेला होता. पहिल्या ६० सदस्यांपैकी ३० जणांना डॉइल या कनिष्ठ सभागृहाने निवडले, तर ३० जणांना सरकारप्रमुख विल्यम कॉसग्रेव्ह यांनी नेमले. नव्वद टक्क्यांहून अधिक कॅथलिक असलेल्या देशात ६० पैकी २४ सदस्य कॅथलिक नव्हते. चार स्त्रिया होत्या, कवी येट्स होते, सहकार चळवळीचे हॉरेस प्लंकेट होते.

या सदस्यत्वाची किंमत जबर होती. यादवी युद्ध पेटलेले होते आणि तहविरोधी बंडखोर सेनेटरांची घरे जाळत होते. प्लंकेट यांचे घर गेले. डब्लिनचे नामांकित शल्यविशारद ऑलिव्हर गोगार्टी यांना जानेवारी १९२३ मध्ये बंदूकधाऱ्यांनी घरातून उचलून लिफी नदीकाठी नेले. ऐन थंडीत त्यांनी नदीत उडी टाकली आणि पोहून जीव वाचवला. पुढे त्याच नदीला त्यांनी कृतज्ञतेने हंसांची जोडी अर्पण केली.

सेनेटच्या हाती सत्ता अशी फारशी नव्हतीच. विधेयक जास्तीत जास्त २७० दिवस रोखून धरता येई. पुढे ही मुदत वाढली. पण थांबा म्हणण्याच्या या हक्कामुळेच बहुमताला दुसरी बाजू ऐकून घ्यावी लागे. जून १९२५ मध्ये येट्स घटस्फोटबंदीविरुद्ध बोलायला उभे राहिले, ते आपल्या अल्पसंख्य समाजाच्या वतीने. ते भाषण कडवट होते, अनेकांना झोंबले. तरीही ते संसदेत झाले, सरकारी इतिवृत्तात छापले गेले, याला मी फार मोल देतो.

सेनेटची दुखरी बाजूही सांगायला हवी. त्याच वर्षी सदस्यांची थेट निवडणूक झाली. अख्खा देश एकच मतदारसंघ, १९ जागा, ७६ उमेदवार! एवढी नावे असलेल्या मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहायचा होता. चौथा हिस्सा मतदारही फिरकले नाहीत. तो प्रयोग पुन्हा झाला नाही. सेनेटमागे जनता उभी राहिली नाही ती नाहीच.

मग १९३२ मध्ये ईमन डी व्हॅलेरा सत्तेवर आले. राजनिष्ठेची शपथ रद्द करण्याचे त्यांचे विधेयक सेनेटने अडवले. राजकीय गणवेशांवर बंदी घालणारे विधेयक २१ मार्च १९३४ रोजी फेटाळले. दुसऱ्याच दिवशी डी व्हॅलेरांनी सेनेट बरखास्तीचे विधेयक मांडले. सेनेटने तेही फेटाळले, त्यामुळे मुदत संपेपर्यंत सरकारला थांबावे लागले. आणि मे १९३६ मध्ये सेनेट संपले.

ज्यांनी ते मोडले, त्यांनीच १९३७ च्या राज्यघटनेत वरिष्ठ सभागृह पुन्हा आणले. सदस्य ६०च, मात्र ११ जणांची नेमणूक पंतप्रधानांच्या हाती आणि विधेयक रोखण्याची मुदत ९० दिवस. २०१३ मध्ये ते बंद करावे का, असा कौल घेतला, तेव्हा जनतेने थोड्या फरकाने का होईना, ते राखले.

आपल्या राज्यसभेतील १२ नामनियुक्त सदस्यांची तरतूद आयरिश राज्यघटनेवरून आली. म्हणून त्या जागांवर कोणाला नेमले जाते, याकडे मी दर वेळी डोळ्यांत तेल घालून पाहतो. बहुमताच्या आवाजात आणखी बारा आवाज मिसळायचे असतील, तर त्या जागांची गरजच नाही. थांबा म्हणायची वेळ आली तर ही माणसे म्हणतील का, एवढेच मी पाहतो.