अबोल आचारी

हृदयावर कवींनी वह्याच्या वह्या भरल्या. स्वादुपिंडावर एक ओळ लिहिलेली मी पाहिली नाही. जठरामागे बसून हा अबोल आचारी रोज सुमारे दीड लिटर पाचकरस करतो, वर रक्तातल्या साखरेचा हिशेबही ठेवतो. रसातली जहाल द्रव्ये तो निजवूनच लहान आतड्यात धाडतो. त्यांनी जागे व्हायचे ते तिथेच. पण पित्ताचा खडा वाटेत अडकला किंवा मद्याचा अतिरेक झाला, की ती घरातच जागी होतात आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागते. प्रागच्या हान्स कियारी यांनी १८९६ साली हे मांडले. गेल्या दिवाळीत आमच्या दादांची कळ पोटातून थेट पाठीत गेली. वहिनींनी ओवा बाजूला ठेवून इस्पितळ गाठले, म्हणून दादा वाचले. सगळ्यांचे निमूटपणे पचवणारा कण्हू लागला, तर त्याला अपचन समजू नये!