आत्याच्या कनवटीची पुडी

अल्लीपूरच्या आमच्या आत्याला सुईचे भारी भय. पण गुडघ्यांनी त्या भयावरही मात केली. अॅक्युपंक्चर करून पाहायचे ठरले, तेव्हा धीर द्यायला मी इतिहास काढला. १९३८ साली युद्धात होरपळणाऱ्या चीनला आपले पाच डॉक्टर गेले. सोलापूरचे कोटणीस १९४२ साली तिकडेच वारले. नागपूरचे चोळकरही त्या पाचांत होते. कलकत्त्याचे बसू पुढे ही विद्या शिकले आणि १९५९ साली त्यांनी ती इकडे आणली.

"नागपूरचा माणूस होता ना? मंग चाल बाबू!" आत्या म्हणाली. बसूंचे श्रेय गेले, पण आत्या एस.टी.त बसली!

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी सुयांआधी प्रश्नच काढले. औषधे कोणती चालू आहेत? आत्या गप्प. रक्त पातळ करणारी गोळी ती रोज घेते, हे मीच सांगितले. मग तिने हळूच कनवटीची पुडी काढली. कुणी ओळखीच्याने दिलेली चिनी जडीबुटी. वर नाव नाही, गाव नाही.

बाई गंभीर झाल्या. "ही आधी बंद. काही चिनी मुळ्यांनी या गोळीचा जोर वाढतो, मग रक्तस्राव आवरत नाही. काहींनी तर मूत्रपिंडे निकामी झाली आहेत."

"झाडपालाच तं हाय!"

"धोतराही झाडच, आजी."

सुया केसासारख्या बारीक. पाकीट आमच्यासमोर फोडले, वापरून झाल्यावर सुया टाकून दिल्या. वाचकहो, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे, भीड धरू नये. दुसऱ्याला टोचलेली सुई कावीळही देऊ शकते. आणि उपाशी जाऊ नये, भोवळ येते.

झीज भरून येणार नाही, दुखणे थोडे हलके झाले तर झाले, हे बाईंनी आधीच बजावले होते. चार खेपांनंतर आत्या ओट्याची पायरी जरा सुखाने उतरते. पुडी चुलीत गेली. रोजची गोळी मात्र ती आता सुनेला दाखवून घेते.