पन्नाशीतील त्वचा

पन्नाशीच्या सुमारास स्त्रीच्या देहात जे स्थित्यंतर घडते, त्याविषयी आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही. अंगाची लाही होणे, झोप उडणे यांची कुजबूज तरी होते. त्वचेची तक्रार केली की, ‘या वयात कसला नट्टापट्टा?’ अशी थट्टा होते. ही थट्टा आम्हांस अन्यायाची वाटते.

अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक त्वचेची जाडी, ओलावा आणि कोलॅजेन हे प्रथिन टिकवून धरते. रजोनिवृत्तीनंतर हा स्राव आटतो व पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील सुमारे ३० टक्के कोलॅजेन घटते, असे तज्ज्ञ सांगतात. कातडी पातळ व कोरडी होते, खाज सुटते, जखम भरण्यास विलंब लागतो. हा नट्टापट्टा खास नव्हे.

आमच्या थोरल्या बहिणीने एकदा आम्हांस विचारले, “शेजारणीची कांती संप्रेरकांच्या गोळ्यांनी सुधारली. मीही त्याच आणवू का रे?” औषध सांगणे हे धर्मगुरूचे काम नव्हे. आम्ही तिला डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी पूर्वेतिहास विचारला, तेव्हा धाकट्याच्या बाळंतपणात ताईच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती, हे निघाले. बाईंनी गोळ्यांस साफ नकार दिला.

शेजारीण खोटे बोलत नव्हती. या उपचाराने त्वचेची जाडी व कोलॅजेन वाढल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. सुरकुत्यांविषयी मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. परंतु याच गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र देणारी अमेरिकेतील मोठी चाचणी स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसल्याने २००२ साली मुदतीपूर्वी थांबविण्यात आली. तथापि साठीच्या आतील निरोगी स्त्रीस अंगाची लाही असह्य होत असेल, तर लाभ बहुधा धोक्याहून अधिक ठरतो, असे आज वैद्यक मानते. त्वचा सुधारली तर तो वरचा लाभ. केवळ तेवढ्यासाठी हा उपचार देत नाहीत.

ताईला सौम्य साबण, स्नानानंतर ओलसर अंगास मलम आणि उन्हापासून जपणूक एवढे सांगितले गेले. खाज पुष्कळ शमली.

वाचकहो, एकीचे औषध दुसरीस विष ठरू शकते. म्हणून आपल्या घरातील माउलीस गोळ्या आणून देण्यापूर्वी डॉक्टरांकडे न्या. आणि त्याहीपूर्वी, ती काय सांगते आहे ते न हसता ऐकून घ्या.