वायमारचा सोमवार

जर्मनीला प्रथमच निघालेल्या माणसाला काय सांगावे, हा प्रश्न गेल्या महिन्यात आमच्यापुढे आला. आमची एक माजी विद्यार्थिनी, जी आता स्वतःच एका महाविद्यालयात मराठी शिकवते, दहा दिवसांसाठी तिकडे जाणार आहे. "सर, मॅडम, तुम्ही दोघे जाऊन आला आहात, तर काय काय पाहू ते लिहून द्या," असे तिने फोनवर सांगितले. यादी तिने आधीच केली होती : कोलोनचे कॅथीड्रल, नॉयश्वानस्टाइनचा किल्ला, हायडेलबर्ग, बर्लिनची भिंत. यादी वाईट नव्हती. मात्र तीत वायमार नव्हते. दोन-चार ओळी लिहाव्यात म्हणून आम्ही बसलो आणि लिहिणे लांबत गेले.

आधी यादीविषयी. कोलोनचे कॅथीड्रल अवश्य पाहावे. 1248 मध्ये आरंभलेले हे काम मध्ये काही शतके पडून राहिले आणि 1880 च्या ऑक्टोबरात त्याच्या पूर्णतेचा सोहळा झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस, 31 तारखेला, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण मराठीच्या मास्तरांना अशा तारखा जुळवण्याची खोड असते. नॉयश्वानस्टाइनचे चित्र कॅलेंडरांवर इतक्या वेळा पाहिलेले असते की तो मध्ययुगीन किल्ला असावा असे वाटते. प्रत्यक्षात बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजाने 1869 मध्ये तो बांधायला घेतला आणि 1886 मध्ये राजा वारला तेव्हाही तो अपुराच होता. मध्ययुगाविषयीच्या एकोणिसाव्या शतकातील स्वप्नरंजनाचा नमुना म्हणून तो पाहिला तर मौज आहे. तिकीट मात्र वेळ ठरवून आधीच काढलेले बरे.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. रविवारी दुकाने बंद असतात, तेव्हा दूध-पाव शनिवारीच आणून ठेवावा. हॉटेलात नुसते पाणी मागितले तर बहुधा सोड्यासारखे बुडबुड्यांचे पाणी येते आणि त्याचे पैसे पडतात. साधे हवे असेल तर तसे स्पष्ट सांगावे. पाण्याची रिकामी बाटली फेकू नये. तिच्यावर 25 सेंट अनामत घेतलेली असते आणि ती दुकानातील यंत्रात परत मिळते. स्थानिक गाड्या, ट्राम आणि शहर बस यांना मिळून महिन्याचा एकच पास 2023 च्या मे महिन्यापासून सुरू झाला. आम्ही त्याच महिन्यात होतो, तेव्हा तो 49 युरोंना होता. पुढे किंमत वाढली. वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्यांत तो चालत नाही. चार वाजता कॉफीला बोलावले असेल तर चारलाच दारात असावे. 'तू' आणि 'आपण' यांतला भेद त्यांच्याही भाषेत आहे, 'डू' आणि 'झी' असा. अनोळखी प्रौढ माणसाशी 'झी'नेच बोलावे. आपल्याला हे शिकवावे लागत नाही, इंग्रजीवरून तिकडे जाणाऱ्यांना लागते.

आणि सर्वांत महत्त्वाचे : बहुतेक वस्तुसंग्रहालये सोमवारी बंद असतात. आम्हांला हे ठाऊक नव्हते. आम्ही वायमारला पोहोचलो तो सोमवार होता.

वायमारला आम्ही गेलो ते ग्योथेसाठी. (आपल्याकडे हा कवी गटे, गोएथे, ग्योथे अशा नाना वेशांत वावरतो, त्यातल्या त्यात मूळ उच्चाराजवळचा वेश आम्ही पत्करतो.) वीस वर्षे वर्गात आम्ही एक गोष्ट सांगत आलो आहोत. ग्योथेने कालिदासाचे 'शाकुंतल' वाचले आणि ते डोक्यावर घेऊन तो नाचला. ही गोष्ट आम्हांला आमच्या गुरुजनांनी सांगितली, त्यांना त्यांच्या. तिला आधार काय, हे कोणी विचारले नाही. आधार असलेली गोष्ट अशी की विल्यम जोन्सच्या 1789 च्या इंग्रजी भाषांतरावरून गेओर्ग फोर्स्टरने 1791 मध्ये 'शाकुंतल' जर्मनमध्ये आणले, ते वाचून ग्योथेने चार ओळींची स्तुतिकविता लिहिली, आणि 'फाउस्ट'च्या आरंभीच्या रंगभूमीवरील प्रवेशामागे संस्कृत नाटकातील सूत्रधाराची प्रस्तावना असल्याचे अभ्यासक मानतात. हे काही थोडे नव्हे. पण याच ग्योथेला आपल्या अनेक हातांच्या देवमूर्ती मुळीच रुचत नसत, हे आम्ही वर्गात कधी सांगितले नाही. नाचणारा ग्योथे आम्हांला सोयीचा होता.

तर, फ्राउएनप्लान या चौकातील ग्योथेचे घर बंद होते. दार ओढून पाहिले, पाटी वाचली. राष्ट्रीय नाट्यगृहासमोर ग्योथे आणि शिलर यांचा जोडपुतळा आहे, 1857 चा, तो पाहिला. शिल्पकार रीट्शेलने दोघांना एकाच उंचीचे केले आहे. वास्तविक शिलर चांगलाच उंच होता. याच नाट्यगृहात 1919 मध्ये राष्ट्रसभा भरून वायमार प्रजासत्ताकाची घटना संमत झाली. एवढे होईतो अकरा वाजले. पुढे काय करावे असा प्रश्न होता, आणि समोरच्या थांब्यावर बस लागली. तिच्या कपाळावर 'बूखनवाल्ट' लिहिले होते.

बूखनवाल्टला जायचे आमच्या मनात नव्हते, हे कबूल केले पाहिजे. सुट्टीत तसले काही पाहू नये, असे आमच्यापैकी एकाचे मत होते. पण हातात दिवस रिकामा होता. वायमारपासून आठ-दहा किलोमीटरवर एटर्सबेर्ग नावाची टेकडी आहे. ग्योथेची ती आवडती. बूखनवाल्ट म्हणजे बीच वृक्षांचे वन. मे महिन्यात त्या झाडांना पोपटी पालवी असते आणि बस त्या पालवीतून वर चढते. हा रस्ता कैद्यांकडून करवून घेतला होता. त्याला रक्ताचा रस्ता म्हणतात.

जुलै 1937 ते एप्रिल 1945 या काळात या छळछावणीत आणि तिच्या उपछावण्यांत मिळून सुमारे 2,80,000 माणसे डांबली गेली. त्यांतली सुमारे 56,000 मेली. साहित्याच्या विद्यार्थ्यांना इथल्या कैद्यांपैकी दोन नावे ठाऊक असतील : इम्रे केर्तेस आणि एली वीझेल, दोघेही तेव्हा कोवळी मुले, दोघेही पुढे नोबेलचे मानकरी. छावणीच्या लोखंडी फाटकात अक्षरे ओतली आहेत, 'ज्याचे त्याला' अशा अर्थाची. मूळ वचन रोमन न्यायशास्त्रातले. ही अक्षरे बाहेरून उलटी दिसतात; ती आतल्यांनी वाचावीत म्हणून बसवली होती. त्यांचा आराखडा फ्रान्झ एर्लिश या कैद्याकडून करवून घेतला. तो बाउहाउसचा विद्यार्थी होता, आणि बाउहाउसची स्थापना झाली ती 1919 मध्ये, खाली वायमारमध्येच. फाटकावरचे घड्याळ सव्वातीनला थांबवलेले आहे : 11 एप्रिल 1945, सुटकेची वेळ.

सोमवार असल्यामुळे इथलेही प्रदर्शन बंद होते, आवार मात्र उघडे होते. बराकी उरलेल्या नाहीत, त्यांच्या जागा खडीने आखल्या आहेत. मध्येच एका झाडाचे बुंध्यापासचे खोड आहे. जंगल तोडून छावणी उभारताना एवढा एक ओक राखला होता. कैदी त्याला ग्योथेचा ओक म्हणत. 1944 च्या ऑगस्टमधील बॉम्बहल्ल्यात तो जळाला. त्या खोडापाशी आम्ही किती वेळ उभे होतो ते सांगता येणार नाही.

हजेरीच्या मैदानावर जमिनीत एक धातूची पट्टी बसवली आहे. 1995 मध्ये होर्स्ट होहाइझेल आणि आंद्रेआस क्निट्झ यांनी केलेले हे स्मारक. तिच्यावर इथे आणलेल्या पन्नासहून अधिक देशांच्या आणि जमातींच्या लोकांची नावे आहेत आणि ती बारा महिने 37 अंशांवर ठेवलेली असते, जिवंत माणसाच्या अंगाइतकी. उकिडवे बसून तिच्यावर हात ठेवावा लागतो. आम्ही ठेवला. मग यातले काही टिपून घ्यावे म्हणून वही उघडली.

पहिल्याच पानावर कुंकवाचे स्वस्तिक होते. निघताना आईंनी प्रवासाच्या नव्या वहीवर काढून दिलेले. कोणी पाहिले नाही. आसपास फारसे कोणी नव्हतेच. तरी आम्ही वही मिटली. हे आपले चिन्ह, शुभाचे, त्यांच्याहून कितीतरी जुने, हे सगळे आम्हांला येत होते. ते तिथे कोणाला सांगायचे होते? नंतर यावर आम्हां दोघांत वाद झाला. लाज वाटायचे कारण नव्हते, असे एकाचे म्हणणे. ती जागा आपल्या खुलाशांसाठी नाही, असे दुसरीचे. तो वाद मिटलेला नाही.

परतीच्या बसची वाट पाहताना आम्हांला एक मुलगा आठवला. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत तो 'नेतृत्व' या विषयावर बोलला होता. हिटलरची शिस्त, हिटलरचे राष्ट्रप्रेम. आपल्याकडे रस्त्यावरच्या पुस्तकांच्या ढिगांत हिटलरचे आत्मचरित्र मराठीत सहज मिळते, त्यातून उचललेले भाषण असावे. आवाज खणखणीत, पाठांतर पक्के. परीक्षक आम्ही दोघेच होतो. आम्ही त्याला शब्दफेकीबद्दल दुसरा क्रमांक दिला आणि विषयाबद्दल एक अक्षर बोललो नाही. 'आर्य' हा शब्द भाषेसाठी आहे, रक्तासाठी नाही, असे मॅक्सम्युलरने 1888 मध्येच बजावून ठेवले होते. तेही आम्ही त्याला सांगू शकलो असतो, आम्हांला ते माहीत होते. तो मुलगा आता कुठे आहे, ठाऊक नाही.

मंगळवारी ग्योथेचे घर पाहिले. वरच्या दालनाच्या उंबऱ्यापाशी जमिनीत 'साल्वे' हा लॅटिन स्वागतशब्द जडवला आहे. पुढची दालने पाहुण्यांसाठी, पुतळ्यांनी भरलेली. मागे बागेकडे लिहिण्याची खोली, तीत दिखाऊ काही नाही, आणि तिला लागून झोपण्याची लहानशी खोली. तिथल्या खुर्चीत तो 22 मार्च 1832 रोजी वारला. शिलरचे घरही जवळच आहे. युद्धात मूळ वस्तू नष्ट होऊ नयेत म्हणून त्या घरातील लिहिण्याच्या मेजाची आणि इतर सामानाची नक्कल करून घेतली गेली. ती करणारे सुतार बूखनवाल्टचे कैदी होते. ही माहिती आदल्या दिवशीचा सोमवार घडला नसता तर आम्ही वाचून पुढे गेलो असतो.

तेव्हा विद्यार्थिनीला आमचे सांगणे असे. वायमारला दोन दिवस ठेव, आणि दोन्ही मंगळवारनंतरचे ठेव, म्हणजे आम्हांला न दिसलेले प्रदर्शनही तुला पाहता येईल. स्मारकाला प्रवेशशुल्क नाही. आना अमालिया ग्रंथालय 2004 च्या आगीत जळाले, सुमारे 50,000 पुस्तके कायमची गेली. 2007 मध्ये ते पुन्हा उघडले. तिथे रोज मोजक्याच लोकांना सोडतात, म्हणून सकाळी लवकर जा. बर्लिनला भिंत पाहशीलच. पण बेबेलप्लाट्झ या चौकातही जा. 10 मे 1933 रोजी तिथे पुस्तके जाळली. जमिनीत एक काच आहे, तिच्याखाली पांढरी रिकामी फडताळे दिसतात, 20,000 पुस्तके मावतील एवढी. गावोगावच्या पदपथांवर पितळी चौकोन दिसतील, तळहाताएवढे; त्या घरातून नेलेल्या माणसाचे नाव आणि वर्षे त्यावर असतात. वाचायला वाकावे लागते.

एटर्सबेर्गवर वारा फार असतो, मे महिन्यातही स्वेटर असू दे. परतीच्या बसच्या वेळा थांब्यावर लावलेल्या असतात. आत शिरण्यापूर्वीच त्या पाहून घे, नंतर लक्षात राहत नाही.