मीटरचा काटा

फिल्मच्या रोलसोबत पूर्वी एक छोटासा कागद यायचा. त्यावर चार-पाच चित्रं असत: लख्ख सूर्य, पातळ ढगाआडचा सूर्य, भरून आलेलं आभाळ, घराची सावली. प्रत्येक चित्राखाली एक आकडा. ज्यांच्या कॅमेऱ्यात मीटर नव्हता, त्यांच्यासाठी तो कागदच मीटर होता. लोक रोल भरायचे आणि कागद फेकून द्यायचे. आमचे काका मात्र तो घडी करून खिशात ठेवत.

आमचं गाव बीबी. बुलडाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यात. काका शाळामास्तर, आणि त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री. बडोद्याला बनलेला हा साधा कॅमेरा त्या काळी अनेक मध्यमवर्गीय घरांत असे. फोकस बसवायचा नाही, शटरचा वेग बदलायचा नाही; उजेडासाठी दोनच खुणा, सूर्य आणि ढग. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. रोल बहुधा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, ‘इंदू’ नावाचा. बारा म्हणजे बाराच, त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी काका जमिनीवर पडलेल्या सावलीकडे बघत. सावलीची कड धारदार असेल तर सूर्य, पुसट असेल तर ढग. ‘उजेड पायाशी बघायचा, वर पाह्यलं की डोळे दिपतात,’ असं ते म्हणायचे. पुढे मी हाताळलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याला हे वाक्य लागू पडलं.

त्या कागदामागचं गणित सोपं आहे आणि आजही पाठ करण्यासारखं आहे. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर एफ 16 ठेवायचं आणि शटरचा वेग आयएसओच्या आकड्याइतका. म्हणजे आयएसओ 100 असेल तर साधारण 1/125 सेकंद. पातळ ढग आले की एफ 11, आभाळ भरलं की एफ 8, पावसाळी काळोखी असेल तर एफ 5.6, आणि उघड्या आभाळाखालच्या सावलीत एफ 4. आमच्याकडचं एप्रिल-मेचं ऊन या नियमासाठीच घडवल्यासारखं असतं. पण नियमाने नुसता उजेड मोजला जातो; तो कुठल्या बाजूने येतो हे नियम सांगत नाही. सूर्य पाठीशी ठेवण्याचा जुना रिवाज काकाही पाळत, म्हणून आमच्या अल्बममधलं सगळं घर डोळे बारीक करून उभं आहे. माणसांना उन्हाला तिरकं उभं करा, किंवा सरळ ओसरीच्या सावलीत आणा. ओसरीसमोरच्या अंगणातून परतून येणारा उजेड स्टुडिओतल्या दिव्यांहून मऊ असतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

कॉलेजसाठी औरंगाबादला गेले तेव्हा वापरलेला पेंटॅक्स के 1000 हाती आला. हा कॅमेरा 1976 ते 1997 अशी वीसेक वर्षं बाजारात होता, आणि जगभर फोटोग्राफीच्या विद्यार्थ्यांना शिक्षक तो घ्यायला सांगत. त्यात सगळं हाताने करायचं. छोटी गोल बॅटरी लागायची ती फक्त मीटरला. ती संपली तरी शटर चालायचं. मीटरला बंद करण्याचं बटणच नव्हतं, लेन्सला झाकण लावलं की तो झोपायचा. डोळा लावला की उजवीकडे एक काटा दिसे. अ‍ॅपर्चर किंवा वेग फिरवून काटा मधोमध आणला की झालं. खिशातला कागद गेला आणि त्याच्या जागी काटा आला.

सुट्टीत बीबीला आल्यावर मात्र या काट्याचा स्वभाव कळला. शहरात बरोबर चालणारा काटा आमच्या शिवारात हमखास चुकायचा. नांगरलेली काळी जमीन फोटोत राखाडी यायची आणि वरचं आभाळ धुऊन जायचं. दिवाळीनंतर वेचणीला आलेल्या कापसाचा जवळून फोटो घेतला तर बोंडं मळक्या चादरीसारखी दिसायची. कारण मीटरमध्ये आहे. समोर काय आहे हे मीटरला कळत नाही. त्याला फक्त परतून आलेला उजेड कळतो. आणि जगातली कुठलीही गोष्ट सरासरी करड्या रंगाची आहे, पडलेल्या उजेडापैकी साधारण 18 टक्के परतवणारी आहे, असं गृहीत धरूनच तो बनवलेला असतो. म्हणून काळ्याला तो उजळ करतो आणि पांढऱ्याला मळवतो. काळी माती आणि पांढरा कापूस यांवर जगणाऱ्या मुलखात करडं असं आहेच किती?

यावरचा उपाय सोपा आहे. काळी म्हैस, काळं रान, घोंगडी यांनी चौकट भरली असेल तर मीटर सांगेल त्याहून एक ते दीड स्टॉप (स्टॉप म्हणजे एफ 16 वरून एफ 11 अशी एक पायरी) कमी करा. कापूस, चुन्याची भिंत, पांढरं धोतर-टोपी असेल तर एक ते दीड स्टॉप वाढवा. आजच्या कॅमेऱ्यात यासाठी अधिक-उणे चिन्हाचं बटण असतं. नवशिके सगळ्यात उशिरा हात लावतात ते नेमकं याच बटणाला. आणि मोजायला काहीच सापडलं नाही तर स्वतःचा तळहात आहे. विषयावर जो उजेड पडतोय त्याच उजेडात तळहात धरा, त्यावर मीटर करा आणि एक स्टॉप वाढवा. माणसं गोरी असोत वा सावळी, तळहातांत फारसा फरक नसतो, आणि ते करड्यापेक्षा साधारण एका स्टॉपने उजळ असतात. हा मीटर घरी विसरता येत नाही.

12 जानेवारीला, जिजाऊंच्या जन्मदिनी, सिंदखेडराजाला जाऊन बघा, म्हणजे हे सगळं एकाच जागी कसाला लागतं. लखुजी जाधवांच्या राजवाड्याच्या दारात पहाटेपासून गर्दी असते, आणि बायका-मुली फेटे बांधून आलेल्या असतात. हिवाळ्यातला सूर्य खाली असतो; तो माणसाच्या मागे असला की फेटा झळाळतो आणि चेहरा सावलीत राहतो. मीटर फेट्याला भुलतो आणि चेहरे काळवंडतात. अशा वेळी स्पॉट मीटर गालावर धरायचा, नाहीतर दिवसाउजेडीही थोडा फ्लॅश मारायचा. त्याहून चांगलं म्हणजे एखाद्या उजळ भिंतीसमोर उभं राहून वाट बघायची; भिंतीवरचं ऊन परतून चेहऱ्यावर येतं आणि चेहरे आपोआप उजळतात.

आमच्या भागातला कठीण पेपर म्हणजे लोणारचं दैत्यसूदन मंदिर. बाहेर ऊन आणि आत जवळजवळ अंधार. फ्लॅश मारला की शिल्प सपाट होतं, कारण कोरीव काम दिसतं ते सावलीमुळे. संरक्षित वास्तूत ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणून खांबाला टेकायचं, श्वास सोडायचा आणि हळूच दाबायचं. लेन्स 50 मिलिमीटरची असेल तर वेग 1/50 च्या खाली नेऊ नये. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात 1/80 बरा. उजेड पुरत नसेल तर आयएसओ बिनधास्त वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

वऱ्हाडातल्या देवळांचे सुरुवातीचे फोटो काढणाऱ्यांत मेजर रॉबर्ट गिल होता. 1844 साली अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करायला नेमलेला हा चित्रकार पुढे कॅमेऱ्याकडे वळला. अजिंठा-वेरूळचे त्याचे फोटो 1864 मध्ये पुस्तकरूपाने आले, आणि लोणारच्या देवळांपुढेही त्याने कॅमेरा मांडला. त्या काळी काचेवर रसायन पसरून ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. सोबत अंधाऱ्या खोलीचा तंबू न्यायचा. मीटर नव्हता, होता तो अदमास. आमच्याकडच्या उन्हात ती काच किती लवकर वाळत असेल, हे इथं राहणाऱ्यालाच कळेल.

डिजिटल आल्यावर काट्याची जागा हिस्टोग्रामने, म्हणजे फोटोतल्या काळ्या-पांढऱ्याच्या आलेखाने, घेतली. भर दुपारी शेतात मागचा पडदा दिसत नाही आणि जो दिसतो तो खोटं बोलतो. हिस्टोग्राम मात्र खरं सांगतो. त्याचा डोंगर उजव्या भिंतीला चिकटला तर पांढऱ्यातला तपशील गेला, आणि तो मागाहून आणता येत नाही. इथे जुन्या सवयीला उलटं वळवावं लागतं. निगेटिव्ह फिल्मला जादा उजेड सोसायचा, म्हणून आम्ही सावली सांभाळायचो. डिजिटलमध्ये कापूस सांभाळायचा. सावलीतली माती नंतरही उजळता येते.

जून 2020 मध्ये लोणारच्या विवरातल्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि टाळेबंदीत घरोघरी फोन त्या फोटोंनी भरून गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं, की खारं पाणी आटल्यावर वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा तो रंग आहे. पण फोटोंत दोन टोकं दिसत होती. काहींत पाणी फिकट मातकट, काहींत गुलकंदासारखं. पहिल्याचं कारण ऑटो व्हाइट बॅलन्स असू शकतं. मीटर जसा उजेडाला करड्याकडे ओढतो, तसं हे यंत्र रंगाला ओढतं. चौकटभर गुलाबी दिसलं की ते त्याला दोष समजून पुसायला जातं. दुसऱ्याचं कारण आपली हौस. दिवसा व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर ठेवा, जमलं तर रॉमध्ये घ्या, म्हणजे दोन्ही संकटं टळतात. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. अशा जागेचा खोट्या रंगाचा फोटो म्हणजे चुकीची नोंद.

विवराचा व्यास 1.8 किलोमीटर आहे, म्हणून काठावर उभं राहिल्यावर प्रत्येकाला वाइड लेन्स घ्यावीशी वाटते. थांबा. कॅमेरा उभा धरा, एक्स्पोजर हाताने पक्कं करा, आणि प्रत्येक फोटोत आधीच्याचा तिसरा हिस्सा येईल असे सात-आठ फोटो घ्या. घरी ते जोडता येतात. पावसानंतर हवा धुतलेली असते तेव्हा जा. उन्हाळ्याच्या धुरकटात महागडी लेन्सही पलीकडचा काठ दाखवत नाही. कॅमेऱ्यासोबत येणारी 18-55 लेन्स पहिली दोन वर्षं पुरते. पुढची खरेदी एफ 1.8 ची साधी, झूम नसलेली लेन्स. वापरलेली घेत असाल तर लेन्सच्या आरपार टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. मळणीच्या दिवसांत खळ्यावर लेन्स बदलू नका. पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि मे महिन्यात उभ्या गाडीत कधीच ठेवू नका.

आता बहुतेकांच्या खिशात फोनच आहे, आणि हे सगळं फोनलाही तितकंच लागू आहे. चेहऱ्यावर बोट टेकवलं की बऱ्याच फोनमध्ये शेजारी एक छोटा सूर्य उगवतो. तो खाली ओढला की फोटो काळवंडतो, वर नेला की उजळतो. कितीही लाखाचा कॅमेरा घ्या, त्यातला मीटर अजून सरासरीच शोधतो. माती काळी आहे हे त्याला आपणच सांगायचं असतं.

नवा कॅमेरा घ्यायचा विचार असेल, तर त्याआधी एक काम करा. एकाच उजेडात पांढरा रुमाल, काळी घोंगडी आणि स्वतःचा तळहात असे तीन फोटो काढा, प्रत्येकात चौकट पूर्ण भरून. तिन्ही जवळजवळ सारखेच करडे येतील. मग रुमाल पांढरा आणि घोंगडी काळी दिसेपर्यंत तेच अधिक-उणे बटण वापरत राहा. हे जमल्यावरही नवा कॅमेरा हवासा वाटला, तर खुशाल घ्या.