घडीचे अंथरूण आणि भद्रावतीची वाट

नागपूरहून बल्लारशाकडे निघालेली गाडी हिंगणघाट, वरोरा, माजरी ही स्थानके मागे टाकते आणि भद्रावतीला उतरू पाहणारा नवखा प्रवासी क्षणभर गोंधळतो. कारण फलाटावरच्या पाटीवर नाव असते ते ‘भांदक’. गावाने आपले पुराणातले नाव परत घेतले. स्थानकाने मात्र इतिहासकाळापासून चालत आलेले नाव सोडले नाही. जैमिनीच्या अश्वमेधकथेतील यौवनाश्व राजाची आणि त्याच्या श्यामकर्ण घोड्याची नगरी ती हीच, अशी येथील लोकांची श्रद्धा आहे. आज या नगरीभोवती कोळशाच्या खाणी आहेत, दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि पूर्वेला थोडे अंतर गेले की ताडोबाचे जंगल सुरू होते. चंद्रपूर येथून दक्षिणेला पंचविसेक किलोमीटरवर.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी येथे उतरले ती लेकीकडे. जावई खाणीत नोकरीला, नात नुकतीच चार महिन्यांची झालेली. बाळंतपण माहेरी झाले; दोन महिन्यांपूर्वी लेक बाळाला घेऊन सासरच्या या घरी परतली होती. फोनवर सारे ठीक असल्याचे ती सांगत असे. प्रत्यक्षात मला दिसले ते वेगळेच. या दोन महिन्यांत लसीकरणाखेरीज ती उंबरठ्याबाहेर पडलेली नव्हती. खिडकीचा पडदा दुपारीही ओढलेला, केस विंचरलेले नाहीत, बोलण्यात पूर्वीचा उत्साह नाही.

“अगं, एवढी सुंदर जागा आहे म्हणतेस, मग एकदाही गेली नाहीस?” मी विचारले.

“कशी जाऊ आई? येताना गाडीत हिचे कपडे बदलायचे होते. बर्थवर वर्तमानपत्र अंथरले, ते भिजून फाटले. शेजारचे लोक नाके मुरडत होते. घरी पोहोचेपर्यंत हिची मांड लाल झाली होती. पुन्हा नाही बाई.”

कारण ऐकायला किरकोळ वाटेल. तिच्यासाठी ते किरकोळ नव्हते. बाळाला स्वच्छ जागी निजवून त्याचे दुपटे बदलता येत नाही, म्हणून एक तरुण आई घरात अडकून पडली होती. आपल्याकडे बाळंतविड्यात झबली, टोपडी, दुपटी, लंगोट सारे असते. परंतु तो विडा घरातल्या बाळाचा. सव्वा महिन्यानंतर प्रवासाला निघणाऱ्या, नोकरीच्या गावी एकट्याने मूल सांभाळणाऱ्या आईचा विचार त्यात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात गेले आणि दोन मीटर मऊ सुती कापड, एक जाड सुती टॉवेल, मीटरभर मेणकापड आणि दोन बोटे रुंद इलॅस्टिक घेऊन आले. शेजारच्या बाई घरी पायमशिनीवर शिवणकाम करतात. त्यांनी मशीन तर दिलेच, वर लेकीला हक्काने सुनावलेही, “पोरीले घेऊन बाहेर निंगत जा ना बाई! घरात बसून काय होते?”

अंथरूण शिवणे हे गोधडी शिवण्यासारखेच, अशी माझी समजूत होती. मापे घेतली : लांबी २८ इंच, रुंदी १८ इंच. चार महिन्यांचे मूल त्यावर ऐसपैस मावते आणि सात-आठ महिन्यांपर्यंत ते पुरते. वर सुती कापड, मध्ये टॉवेल, खाली मेणकापड असे तीन थर रचले आणि गोधडीप्रमाणे तिन्ही थरांतून आडवे-उभे टाके घातले. तासाभरात देखणी वस्तू तयार झाली. शेजारीणबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि काही न बोलता चहा ठेवला.

त्याच संध्याकाळी आम्ही भद्रनागाच्या मंदिरात गेलो. गावाचे हे ग्रामदैवत. नागपंचमीला येथे मोठी गर्दी लोटते. थंडीतल्या त्या सायंकाळी मात्र मोजकीच माणसे होती. ओसरीच्या एका कोपऱ्यात, वाटेपासून दूर, अंथरूण पसरून लेकीने बाळाला निजवले. ओले डायपर काढले आणि दुसरे चढवण्याआधीच बाळाने आपले काम केले. अंथरूण उचलले तर खाली फरशीवर ओल! तिचा चेहरा पडला. मी पदराने फरशी पुसली, पाणी मागून धुऊन काढली. पण परतीच्या वाटेवर ती एक शब्द बोलली नाही.

चूक माझी होती. सुई मेणकापडातून जितक्या वेळा गेली, तितकी छिद्रे पडली. गोधडीला छिद्रांचे भय नसते. पाणी अडवणाऱ्या कापडाला असते. “मले दिसलं होतं जी, पण तुमी एवढ्या हौसेनं शिवत होत्या,” दुसऱ्या दिवशी शेजारीणबाई म्हणाल्या. मग आम्ही तिघींनी मिळून नवे अंथरूण बेतले. त्याची रीत येथे सविस्तर देते, कारण वाचक भगिनींना माझी चूक पुन्हा करण्याचे कारण नाही.

प्रथम सुती कापड आणि टॉवेल गरम पाण्यात धुऊन वाळवावे. नवे सूत आटते. आधी आटले नाही तर शिवल्यानंतर आटते आणि अंथरूण चोळामोळा होते. मग वरचे सुती कापड आणि टॉवेल हे दोनच थर एकत्र ठेवून तीन-तीन इंचांवर सरळ टाके घालावेत. आता हा जोड आणि मेणकापड यांच्या चांगल्या बाजू समोरासमोर ठेवाव्यात. कडा धरून ठेवण्यासाठी टाचण्या टोचू नयेत, त्यांचीही छिद्रे राहतात. दोरीवर कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावावेत. अर्धा इंच आत, लांब टाक्याने, चहूबाजूंनी शिवण मारावी आणि उलटण्यासाठी सहा इंच जागा मोकळी सोडावी. मेणकापड मशिनीच्या पायाखाली चिकटते. त्यावर पातळ कागदाची पट्टी ठेवून शिवावे आणि नंतर कागद फाडून काढावा. इलॅस्टिकचा पट्टा आणि एका आखूड बाजूला जोडायची पिशवी या शिवणीतच धरावी, म्हणजे मेणकापडाच्या मधल्या भागाला सुई लागत नाही. कोपरे थोडे कापून अंथरूण उलटावे, मोकळी जागा शिवून टाकावी आणि कडेने पाव इंचावर एक शिवण फिरवावी. त्यावर इस्त्री फिरवू नये.

याखेरीज त्याच मापाची दोन सुती फडकी शिवावीत आणि त्यांच्या चारही कोपऱ्यांना त्रिकोणी खिसे लावावेत. अभ्रा चढवावा तसे ते खिसे अंथरुणाच्या कोपऱ्यांवर चढतात. घाण होते ते फडके. ते काढून धुतले की काम भागते. बटणे आम्ही मुद्दाम टाळली, कारण सैल झालेले बटण बाळाच्या तोंडात जाऊ शकते. लांब नाड्याही याच सावधगिरीने वगळल्या. अंथरुणाच्या तीन घड्या केल्या की इलॅस्टिक त्यावर बसते. पिशवीत दोन डायपर, दोन मऊ फडकी, पाण्याची लहान बाटली आणि मळलेल्या वस्तूंसाठी तोंड बंद होणारी पिशवी राहते.

हे नवे अंथरूण तपासण्यासाठी न्हाणीघरात त्यावर तांब्याभर पाणी ओतले. खाली थेंब उतरला नाही. लेक त्या दिवशी प्रथमच मोकळेपणाने हसली.

त्यानंतरच्या दहा दिवसांत आम्ही भद्रावती पाहिली. गावापासून जवळच विजासनची बौद्ध लेणी आहेत. डोंगरात सरळ आत खोदत नेलेला एक दीर्घ मार्ग, त्याच्या टोकाशी बसलेली बुद्धमूर्ती आणि काटकोनात फुटलेल्या बाजूच्या मार्गांतही तसेच गाभारे. आत थंड अंधार असल्याने बाळाला घेऊन मी बाहेरच थांबले. लेक एकटी आत गेली आणि बराच वेळ परतली नाही. बाहेर आली तेव्हा म्हणाली, “आई, किती दिवसांनी एवढी शांतता ऐकली!” झाडाच्या सावलीत अंथरूण पसरून तिने बाळाचे डायपर बदलले. हात थरथरले नाहीत, की आजूबाजूला कोण पाहते आहे याकडे लक्ष गेले नाही.

पार्श्वनाथाच्या जैन मंदिराच्या प्रशस्त आवारात दूरदूरचे यात्रेकरू उतरलेले होते. त्यांतल्या दोन तरुण मातांनी अंथरूण हातात घेऊन पाहिले आणि मापे लिहून घेतली. गवराळ्याच्या टेकडीवरचा वरदविनायक झाला. कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभारलेल्या ग्रामोदय संघात मातीला आकार देणारे हात पाहिले. डोलारा तलावाच्या काठी तर आम्ही दोनदा गेलो. तेथील जुना पूल जाड दगडी खांबांच्या दोन रांगांवर लांब शिळा टाकून रचलेला आहे. कोवळ्या उन्हात बाळाला दहा मिनिटे उघडे खेळू दिले. ओलाव्याने लाल झालेल्या त्वचेला मोकळ्या हवेसारखे औषध नाही.

या जिल्ह्यांत बाळाच्या कापडाची गोष्ट निघाली की शेजारच्या गडचिरोलीची आठवण होणे अपरिहार्य आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतून घरोघरी नवजात बाळसेवेचा प्रयोग केला. गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. बाळाला ऊबदार ठेवणे, वजन करणे, स्तनपानास मदत करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे, ही कामे त्या घरी जाऊन करू लागल्या. नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढे देशभरातील आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटींना त्यातून दिशा मिळाली. आमचे अंथरूण त्या कार्यापुढे काहीच नव्हे. पण स्वच्छ हात, कोरडे कापड आणि ऊब या साध्या गोष्टींचे मोल या जंगलपट्ट्याने साऱ्या देशाला शिकवले, एवढे येथे नमूद करावेसे वाटते.

आता काही सूचना. अंथरूण शक्यतो जमिनीवरच पसरावे. पलंग, टेबल, गाडीचा बर्थ अशा उंच जागी बदलणे भागच पडले, तर एक हात सतत बाळावर असावा. कूस न बदलणारे मूल कधी कूस बदलेल, याचा नेम नसतो. हे अंथरूण बदलण्यासाठी आहे, झोपवण्यासाठी नाही. खाली मेणकापड असल्याने बाळ घामेजते आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तर हे विशेष ध्यानात ठेवावे. डायपर दर दोन-तीन तासांनी पाहावे, शी झाल्यावर ताबडतोब बदलावे. मुलीला पुसताना हात पुढून मागे न्यावा. त्वचा पूर्ण कोरडी झाल्यावरच नवे डायपर चढवावे आणि शेवटी साबणाने हात धुवावेत. पुरळ दोन-तीन दिवसांत बरे न झाल्यास, फोड किंवा पू दिसल्यास अथवा ताप आल्यास डॉक्टरांना दाखवावे. वापरलेले डायपर गुंडाळून बंद पिशवीतून घरी आणावे आणि वेगळे ठेवून कचरागाडीत द्यावे. तलावाकाठी वा लेण्यांपाशी टाकून येणे हे त्या जागेशीही द्रोहाचे आहे.

आणखी एक गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. प्रसूतीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात मन हळवे होते, उगाच रडू येते. बहुतेक स्त्रियांचे ते आपोआप निवळते. पण उदासी त्यापुढेही टिकली, झोप व भूक हरपली, बाळाविषयी ओढ वाटेनाशी झाली, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. घरच्यांनी ‘सगळ्यांनाच होते’ म्हणून ते उडवून लावू नये. आम्हीही लेकीला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तिचे सारे ऐकून घेतले, रक्त तपासले, काही दिवसांनी पुन्हा बोलावले आणि रोज थोडा वेळ उन्हात, माणसांत जाण्यास सांगितले. शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांकही प्रत्येक घरात लिहून ठेवावा असा आहे. शिवलेल्या अंथरुणाने मनाचा आजार बरा होत नाही. घराबाहेर पडण्याच्या आड येणारा एक अडसर मात्र त्याने दूर होतो.

परतीच्या आदल्या दिवशी दुपारी मी सामान बांधत होते. लेक केस विंचरून, बाळाला कडेवर घेऊन दाराशी उभी राहिली. घडीचे अंथरूण खांद्यावरच्या पिशवीत होते.

“कुठे निघालीस?”

“तळ्यावर जाऊन येते. तुझे चालू दे, आम्ही दोघीच जातो.”

मी खिडकीचा पडदा सारून त्या वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिले. मग तो पडदा तसाच उघडा ठेवला.