न वापरलेले साहित्य

बी.एड.च्या सराव पाठाला आम्ही सहा तक्ते, शब्दपट्ट्या आणि पृथ्वीगोल घेऊन गेलो होतो. पाठ झाला एका तक्त्यावर. निरीक्षकांनी टाचणावर शेरा मारला, "न वापरलेले साहित्य वर्गात आणू नये." हा शेरा आम्हाला परवा कुपवाडच्या घरी संगणकापुढे आठवला.

आमच्या उर्दू शाळेत आम्ही गुण उर्दू अंकांत टिपतो. निकालपत्रक भरतो देवनागरीत. उर्दूतला सात उलटा केला की आठ होतो. आमच्याच हातून एका मुलीच्या ८१ गुणांचे ७१ झाले. ती काही बोलली नाही, म्हणून जास्त लागले. मग अंक बदलणारे छोटे जावास्क्रिप्ट पॅकेज लिहिले. इतर शिक्षकांनाही मिळावे म्हणून ते एनपीएम या खुल्या भांडारात ठेवायचे ठरले.

भाच्याने त्याची यादी पाहिली. "मामू, काम दस अंकों का, और सामान इत्ता?"

पॅकेज.जेसन या फाइलमध्ये, डिपेंडन्सीज या सदरात, सहा परकी पॅकेजे होती. शिकताना एकेक आणून पाहिलेली. या सदरातले प्रत्येक नाव आमचे पॅकेज घेणाऱ्याच्या संगणकावर उतरते, मागोमाग त्याचे गणगोतही. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज लेखकाने भांडारातून काढून घेतले, तेव्हा जगभर हजारो कामे अडली. यादीतले नाव वापरात नसले तरी ते सापडले नाही की घेणारा तिथेच अडतो.

डिपचेक हे साधन चालवले. त्याने सहाही नावे बिनवापराची ठरवली. आम्ही सगळी काढली, तर चाचणीच बंद पडली! एक नाव कोडमध्ये नव्हते, पण चाचणीच्या सेटिंगमध्ये होते. ते परत आणून डेव्ह-डिपेंडन्सीजमध्ये ठेवले. तिथले सामान आपल्यापुरते; घेणाऱ्याच्या गळ्यात पडत नाही. नोड-मॉड्यूल्सचे फोल्डर पुसून सारे नव्याने उतरवले, चाचण्या घेतल्या, तयार पॅकेज रिकाम्या फोल्डरमध्ये बसवून पाहिले. ८१ चे ८१ च राहिले.

खरे सांगायचे तर नावे काढताना हात जड झाला होता. यादी लांब असली की आपण जाणकार दिसू, असे मनात होते. त्या तक्त्यांचेही तेच होते.

पॅकेज भांडारात गेले तेव्हा ते सदर रिकामे होते.